जुनी ओपन स्पोर्ट्स कार घ्यायचीय? 'सॅन स्टॉर्म'च्या जाहिरातीला टोकन पाठवण्याआधी मोबाईलवर हे तपासा

मोबाईलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना कधीतरी एक छोटी, बिनछताची, दोन सीटची गाडी समोर येते. खाली लिहिलेलं असतं : 'सॅन स्टॉर्म, गोवा पासिंग, वेल मेंटेन्ड, फक्त शौकिनांनीच फोन करावा.' बऱ्याच जणांना वाटतं, ही कुठली तरी परदेशी गाडी असणार. पण ही गाडी आपल्या शेजारच्या गोव्यात बनलेली आहे!

आजच्या लेखात आपण बघणार आहोत की ही सॅन स्टॉर्म नेमकी काय आहे, आणि खामगाव, मलकापूर किंवा मेहकरला बसून, फक्त मोबाईल वापरून अशा गाडीची किती खात्री करता येते. मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला. गाड्यांचा व्यापारी नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रोजचं काम डेटाबेसचं. त्यामुळे जुन्या गाडीचा व्यवहार मला डेटाबेससारखाच दिसतो. चमक फोटोत दिसते, पण गाडी खरंच तुमची होणार की नाही हे नोंदी ठरवतात. हा एक मुद्दा डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

सॅन स्टॉर्म म्हणजे कोणती गाडी?

सॅन मोटर्स या भारतीय कंपनीने १९९८ च्या सुमारास ही दोन सीटची गाडी आणली. बॉडी फायबरग्लासची. इंजिन मात्र फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचं : ११४९ सीसी, पेट्रोल, साधारण ६० हॉर्सपॉवर, सोबत पाच गिअर. हेच इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओ या छोट्या गाड्यांत वापरलं जायचं. आजच्या हिशोबाने ६० हॉर्सपॉवर काहीच नाही, साधी हॅचबॅक यापेक्षा जास्त ताकद देते. पण गाडी छोटी आणि वजनाला हलकी, त्यात वर आभाळ, त्यामुळे मजा वेगळी.

ही गाडी मोजकीच बनली आणि इथेच तिची खरी अडचण आहे. तुलना करून बघा. जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही अशीच दोन सीटची ओपन कार १९८९ मध्ये आली आणि २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या बनल्या. तिचा कुठलाही पार्ट इंटरनेटवर मिळतो. स्टॉर्मचं तसं नाही. खामगावच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मारुतीचा वॉटर पंप लगेच मिळेल, स्टॉर्मचा मिळणार नाही. म्हणून 'वेल मेंटेन्ड' हा शब्द वाचला की पहिला प्रश्न हा विचारा : पार्ट कुठून आणले, आणि त्याची बिलं आहेत का?

क्लासिक, विंटेज आणि कायदा

जाहिरातीत 'क्लासिक' आणि 'विंटेज' हे शब्द सर्रास वापरतात. कायद्यात मात्र विंटेजचा अर्थ ठरलेला आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली खासगी गाडीच विंटेज ठरते. तिला नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं असलेली वेगळी पाटी मिळते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षं चालते, आणि पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती बाहेर काढायची.

स्टॉर्मची अगदी पहिली गाडी धरली तरी तिला ५० वर्षं २०४८ मध्ये होतील. म्हणजे आज कोणी 'विंटेज आहे, आरटीओचं टेन्शन नाही' असं म्हणत असेल तर ते चुकीचं आहे. स्टॉर्मला बाकीच्या जुन्या गाड्यांचेच नियम लागतात.

खरी कन्व्हर्टिबल की छत कापलेली?

आपल्याकडे 'ओपन स्पोर्ट्स कार' या नावाखाली आणखी एक प्रकार विकला जातो. जुनी मारुती एस्टीम किंवा झेन घ्यायची, गॅरेजमध्ये छत कापायचं, लाल रंग मारायचा की झाली कन्व्हर्टिबल! ती दिसते भारी, पण साध्या कारचं छत हा तिच्या सांगाड्याचाच भाग असतो. अपघात झाला, गाडी उलटली तर तो सगळा भार घेतो. छत कापलं की गाडी मधोमध वाकायला लागते, दरवाजे नीट बसत नाहीत. कंपनीतूनच ओपन बनलेल्या गाडीत ही ताकद भरून काढायला दरवाजाखालचा भाग आणि काचेची चौकट जास्त मजबूत केलेली असते.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे आरसीवर कंपनी, मॉडेल आणि बॉडीचा प्रकार वाचा. समोर ओपन गाडी आणि आरसीवर साधी सलून कार असेल तर विषय तिथेच संपला.

चासी नंबर : गाडीचा खरा ओळख क्रमांक

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला एक असा क्रमांक असतो जो कधी बदलत नाही आणि दुसऱ्या कोणाला मिळत नाही. त्याला आम्ही प्रायमरी की म्हणतो. तुमचा मोबाईल नंबर बदलू शकतो, आधार नंबर बदलत नाही, तसंच काहीसं.

गाडीच्या बाबतीत आपण नंबर प्लेटलाच ओळख समजतो. पण तो नंबर बदलतो. गोव्याची गाडी बुलढाण्यात आली की 'जीए' जाऊन 'एमएच २८' येतं. बदलत नाही तो चासी नंबर. म्हणून खात्री करायची ती चासी नंबरची, त्यानंतर इंजिन नंबरची, आणि नंबर प्लेटची सगळ्यात शेवटी.

हे किती महत्त्वाचं आहे ते महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून कळतं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने डीसी अवंती या भारतीय बनावटीच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारच्या प्रकरणात कारवाई केली. आरोप असा होता की एकाच चासी आणि इंजिन नंबरवर तमिळनाडू आणि हरियाणा अशी दोन ठिकाणी नोंदणी झाली होती. आरोप खरे की खोटे हे कोर्ट ठरवेल. आपल्यासाठी धडा एवढाच की महागड्या, नव्या स्पोर्ट्स कारबाबतही असा प्रश्न उभा राहू शकतो, तर वीस-पंचवीस वर्षांत चार हात बदललेल्या गाडीची तपासणी किती बारकाईने करायला हवी!

मोबाईलवरून तपासणी, पायरी पायरीने

१. एमपरिवहन ॲप किंवा परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, मॉडेल, इंधन, नोंदणी किंवा फिटनेस कधीपर्यंत आहे, विमा, पीयूसी ही माहिती दिसते. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण आद्याक्षरं जुळतात का ते कळतं.

२. 'फायनान्सर' किंवा बोजा हा रकाना बघा. कर्ज फिटलं असेल पण आरसीवरून बोजा उतरवला नसेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. हे काम विकणाऱ्याचं आहे, ते आधी करून घ्या.

३. ई-चलन तपासा. बाकी दंड व्यवहाराआधीच मिटलेला बरा.

४. विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर त्याच्या मोबाईलमधलं डिजिलॉकर किंवा एमपरिवहन उघडायला सांगा आणि त्यातली आरसी दाखवायला सांगा. स्क्रीनशॉट चालणार नाही. स्क्रीनशॉट कोणीही पाच मिनिटांत बदलू शकतो.

५. त्याच कॉलवर चासीवर ठोकलेला नंबर आणि इंजिनवरचा नंबर दाखवायला सांगा. दोन्ही आरसीशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. स्टॉर्मच्या बाबतीत इंजिन नंबर मुद्दाम बघा, कारण रेनॉचे पार्ट मिळेनात म्हणून कोणी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेलं असू शकतं. आरटीओत नोंद नसेल तर तो बदल तुमच्या गळ्यात पडतो.

६. चोरीची गाडी आहे का ते बघण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ऑनलाइन सोय आहे. तिथे गाडीचा नंबर, चासी आणि इंजिन नंबर टाकून तपासता येतं.

आरसीवर नाव कोणाचं?

खामगावच्या माझ्या मामेभावाने मला अशाच एका ओपन गाडीची लिंक पाठवली होती. म्हणाला, "दादा, फोटो तर झकास आहेत, पाच हजार टोकन पाठवून टाकू का?" मी आधी पहिल्या दोन पायऱ्या करायला सांगितल्या. नोंदणी तीन वर्षांपूर्वीच संपलेली निघाली आणि मालकाची आद्याक्षरं विकणाऱ्याशी जुळेनात. विचारल्यावर समोरचा म्हणाला की आरसीवर आधीच्या मालकाचं नाव आहे, सहीचे फॉर्म माझ्याकडे तयार आहेत. चासी नंबरचा व्हिडिओ मागितला, तर उत्तर येणंच बंद झालं.

'सहीचे फॉर्म तयार आहेत' हे वाक्य आपल्याकडे फार कॉमन आहे. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक बऱ्याच हातांत गेली होती, पण अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच आली. म्हणजे मधल्या माणसाकडे कोऱ्या फॉर्मवर सह्या असल्या तरी तो मालक नाही. ज्याचं नाव आरसीवर आहे त्याच्याशी तुम्ही स्वतः बोला. तो हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी झाली पाहिजे.

फोटो आणि व्हिडिओत काय बघायचं?

जाहिरातीतला फोटो आधी गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्या शहराच्या, दुसऱ्या किमतीच्या जाहिरातीत सापडला तर सावध व्हा.

टायरच्या बाजूचा जवळून फोटो मागवा. तिथे चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गाडी 'फक्त १८ हजार किलोमीटर चालली' आणि टायर दहा वर्षं जुने असतील, तर ती जपलेली नाही, नुसती उभी राहिलेली आहे. उभ्या गाडीत रबर कडक होतं, ब्रेकचे सील जातात, टाकीतलं पेट्रोल खराब होतं. किलोमीटर कमी असणं नेहमीच चांगलं नसतं.

फायबरग्लासला गंज लागत नाही. पण खालचे लोखंडी भाग गंजतात, आणि गोव्याच्या दमट हवेत जास्त. म्हणून गाडी जॅकवर उचलून खालून काढलेला व्हिडिओ मागवा. बॉडीवर केसासारख्या बारीक भेगा दिसतात का बघा, विशेषतः दरवाजाच्या कोपऱ्यांजवळ. जाड रंगाखाली जुनी दुरुस्ती लपवलेली असते.

कापडी हूड चढवून आणि उतरवून दाखवायला सांगा. शिलाई, मागची प्लास्टिकची काच, दरवाजाचं रबर, आणि सीटखालचं कार्पेट ओलं आहे का ते बघा. आपल्या मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हाळ्यात हे कापड आणि रबर गोव्यापेक्षा जास्त तापणार आहे, त्यामुळे आधीच कडक झालेलं असेल तर फार टिकणार नाही.

सकाळी गार इंजिन सुरू करतानाचा, न कापलेला व्हिडिओ मागवा. धूर, आवाज आणि डॅशबोर्डवरचे दिवे बघा. आणि पेट्रोलचे पाईप कधी बदलले हे विचारा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९९८ च्या काळातली गाडी त्यासाठी बनलेलीच नव्हती, त्यामुळे जुने रबरी पाईप आणि सील लवकर खराब होऊ शकतात. ओपन गाडीत पेट्रोल गळणं म्हणजे गंमत नाही.

गोव्यातून बुलढाण्यात आणायची तर?

राज्य बदलताना गोव्याच्या आरटीओची एनओसी लागते, त्यासाठी फॉर्म २८ आहे. मालकी बदलाची सूचना फॉर्म २९ आणि अर्ज फॉर्म ३०. नवीन राज्याचा नंबर घ्यायला फॉर्म २७. त्यानंतर बुलढाण्याच्या आरटीओत गाडी दाखवायची, चासी नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा द्यायचा, महाराष्ट्राचा रस्ता कर भरायचा, मग एमएच २८ चा नंबर आणि हाय सिक्युरिटी प्लेट. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, हा साधा नियम पाळा.

आता खर्च बघा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षं चालते, नंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. म्हणजे २००१ ची गाडी असेल तर २०१६, २०२१ आणि २०२६ अशा तीन तारखा तपासायच्या. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरच्या कारला १०,००० रुपये. आयात केलेल्या कारला हाच आकडा ८०,००० आहे. स्टॉर्मचं इंजिन फ्रेंच असलं तरी गाडी भारतात बनलेली, त्यामुळे तिला आयातीचा दर लागत नाही.

उशीर झाला असेल तर दर महिन्याला ५०० रुपये जादा. तीन वर्षं नोंदणी संपलेली गाडी म्हणजे ३६ महिने गुणिले ५००, असे १८,००० रुपये नुसत्या उशिराचे. शिवाय १५ वर्षांवरच्या गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे. विम्यात, १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकात वर्षाला ३,४१६ रुपये होता. पूर्ण विमा घ्यायचा तर एवढ्या जुन्या गाडीची किंमत तुम्ही आणि विमा कंपनी मिळून ठरवता. तिथे बिलं आणि फोटो कामाला येतात. नोंदणी संपलेली गाडी मात्र चालवत आणायची नाही, ट्रकवर चढवून आणायची.

टोकनच्या नावाखाली फसवणूक

दुर्मिळ गाडीच्या जाहिरातीत 'दुसरा ग्राहक संध्याकाळी येतोय' हे वाक्य हमखास येतं. घाई करवणं हाच फसवणुकीचा मुख्य भाग आहे. लष्करात आहे, बदली झालीय, गाडी कुरिअरने पाठवतो, अशा गोष्टींवर विश्वास ठेवू नका. आणि लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार.

टोकन द्यायचंच असेल तर गाडी प्रत्यक्ष बघितल्यावर, आरसीवरच्या मालकाच्याच बँक खात्यात, आणि चासी नंबर लिहिलेल्या पावतीवर सही घेऊन. फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

मग घ्यावी की नाही?

रोज बुलढाणा-मलकापूर ये-जा करण्यासाठी ही गाडी नाही, हे स्पष्ट सांगतो. सामान ठेवायला जागा कमी, पार्ट शोधावे लागणार, आणि राजूर घाटात ट्रकच्या मागे बिनछताच्या गाडीत धूळ खावी लागणार. पण पावसाळा संपल्यावर, सकाळच्या गार हवेत त्याच घाटातून हूड उतरवून जाण्याची मजा दुसरी कुठलीही स्वस्त गाडी देणार नाही. शिवाय दोन सीटची ओपन गाडी बनवण्याचा प्रयत्न आपल्या देशात फार थोड्यांनी केला, त्यातली ही एक. कोणीतरी ती जपलीच पाहिजे.

फक्त एवढं करा. चासी नंबर जुळतो, आरसीवरचा मालक समोर आहे, नोंदणी चालू आहे आणि पार्टची बिलं आहेत, या चार गोष्टी 'हो' असतील तरच प्रवासाचं तिकीट काढा. रंग फिका असला तरी चालेल, रंग बुलढाण्यातही मारून मिळतो. हरवलेली नोंद मात्र कुठल्याच गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही.

तुमच्याकडे अशी एखादी जाहिरात आली असेल आणि काही शंका असेल तर कमेंटमध्ये नक्की विचारा. फक्त गाडीचा नंबर आणि चासी नंबर कमेंटमध्ये उघड टाकू नका. आणि गाड्यांचं वेड असलेल्या मित्राला हा लेख त्याने टोकन पाठवण्याआधी पाठवा!